रॅकेट आपटली की उद्धट? टेनिसवर मराठीत लिहिणाऱ्यांना खुले पत्र

मराठीतल्या क्रीडा संपादकांनो, समालोचकांनो आणि टेनिसवर लिहिणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

ग्रँड स्लॅम स्पर्धा सुरू झाली की मी तुमचं लिखाण शोधून वाचतो. क्रिकेटने व्यापलेल्या पानावर तुम्ही टेनिससाठी जागा काढता, मध्यरात्रीनंतर संपलेल्या सामन्याचा निकाल सकाळच्या अंकात बसवता, याची मला जाणीव आहे. म्हणूनच हे पत्र हक्काने लिहितो आहे. खेळाडूंच्या स्वभावाबद्दल तुम्ही जे लिहिता, ते वाचून मी बरीच वर्षं अस्वस्थ होतो. एकाने रॅकेट आपटली की तो उद्धट. दुसरा चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, म्हणून तो सभ्य आणि संस्कारी. तो कोणत्या गुणाला चिडला, त्याआधी काय घडलं होतं, चिडल्यावर त्याचा खेळ सुधारला की पार कोसळला, यातलं काहीच वाचकापर्यंत पोचत नाही.

टेनिसमध्ये स्वभाव हा खेळाचाच भाग असतो, सर्व्हिस किंवा बॅकहँडइतकाच. पाच सेटचा सामना चार-चार तास चालतो, पण चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो त्यातला थोडाच वेळ. बाकी सगळा वेळ खेळाडू एकटा. दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद. बदली खेळाडू नाही, सामना बरोबरीत सुटायची सोय नाही, आघाडी घेऊन नुसता वेळ काढायचीही सोय नाही. शेवटचा गुण स्वतःच जिंकावा लागतो. २०२५ पासून प्रशिक्षकाला बाहेरून बोलायची मुभा नियमांतच आली (मला हा बदल मुळीच आवडलेला नाही, पण तो वेगळा विषय), तरी दुसऱ्या सर्व्हिससाठी चेंडू वर फेकताना सोबत कुणी नसतं. त्या एकटेपणात माणूस स्वतःला कसा सांभाळतो, त्यावर तो कुठला फटका मारायला धजावेल हे ठरतं. शैली तिथून जन्मते.

ब्यॉर्न बोर्गचंच बघा. 'बर्फासारखा थंड' हे विशेषण त्याला चिकटलं ते कायमचं. पण हा माणूस जन्माने शांत नव्हता. लहानपणी तो कोर्टवर इतका भडकायचा की त्याच्या क्लबने त्याला काही महिने खेळू दिलं नव्हतं, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. नंतर त्याने तो राग आत कोंडला आणि त्यातूनच त्याचा खेळ तयार झाला. बेसलाइनवर उभं राहायचं, भरपूर टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) देऊन चेंडू नेटच्या वरून सुरक्षित पलीकडे टाकत राहायचं, दोन हातांचा बॅकहँड, आणि समोरच्याला आपल्या मनाचा थांगपत्ता लागू द्यायचा नाही. त्या काळात सर्व्हिस करून नेटकडे धावणारे खेळाडू विम्बल्डनच्या हिरवळीवर राज्य करत होते. तिथे या पद्धतीने लागोपाठ पाच विजेतेपदं मिळवणं केवळ मनगटाच्या जोरावर शक्य नव्हतं. १९८० च्या अंतिम सामन्यात चौथ्या सेटचा टायब्रेक (६-६ बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा गेम) त्याने १६-१८ असा गमावला. सामना जिंकायच्या कितीतरी संधी हातातून निसटलेल्या. असा टायब्रेक हरल्यावर भलेभले कोलमडतात. बोर्गने पाचवा सेट ८-६ ने घेतला.

त्याच कोंडलेल्या रागाची किंमत काय होती, तेही लिहायला हवं. जानेवारी १९८३ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. शांतपणा हा सद्गुण म्हणून मिरवताना आपण हा शेवट विसरतो.

आणि त्या सामन्यात पलीकडे होता जॉन मॅकेन्रो. उपांत्य सामन्यात पंचांशी वाद घातल्यामुळे अंतिम सामन्यासाठी सेंटर कोर्टवर पाऊल ठेवताच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. पण बोर्गसमोर मॅकेन्रो कधी तसा भडकला नाही. दोघे एकूण १४ वेळा भेटले, ७-७ अशी बरोबरी राहिली, आणि जगातला सर्वांत तापट खेळाडू त्या एका माणसापुढे सरळ वागत राहिला. समोर कोण आहे यावर स्वभावही बदलतो, हे टेनिसइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसत नाही. १९८४ मध्ये मॅकेन्रोने वर्षभरात ८२ सामने जिंकले आणि फक्त तीन गमावले. त्या तिनांतला एक फ्रेंच ओपनचा अंतिम सामना होता. इव्हान लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट सहज जिंकलेले, खेळ स्वप्नवत चाललेला, आणि कोर्टच्या कडेला एका कॅमेरामनच्या हेडफोनमधून येणाऱ्या आवाजाने त्याचं डोकं फिरलं. त्याने तो हेडफोन उचलून त्यात आरडाओरडा केला. पुढचे तिन्ही सेट तो हरला. नेटजवळ चेंडू नुसता स्पर्श करून मारून टाकणारे ते हात ज्या तीव्र जाणिवेवर चालत होते, तीच जाणीव प्रत्येक आवाज, प्रत्येक हालचाल त्याच्या कानात ओतत होती. असं मी वाचतो तो सामना. 'मॅकेन्रो उद्धट होता' असं म्हटलं की यातलं सगळंच हरवतं.

मी मॅकेन्रोचं समर्थन करत नाही. १९९० साली मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, मिकाएल पर्नफोर्सविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे असताना पंचांनी त्याला बाद केलं, ते योग्यच होतं. रेषापंचाकडे रोखून बघणं, मग रॅकेट आपटणं, मग अधिकाऱ्यांना शिवीगाळ. यातली रॅकेट सोडून बाकी दोन्ही गोष्टी दुसऱ्या माणसावर होत्या. माझा सगळा भर या फरकावर आहे. राग स्वतःवर आणि स्वतःच्या रॅकेटवर निघतो तोवर तो खेळाचा विषय आहे, दंड भरून मिटणारा. तो पंचावर, रेषापंचावर, चेंडू उचलणाऱ्या मुलांवर किंवा प्रतिस्पर्ध्यावर निघाला की तो वागणुकीचा विषय होतो, आणि तिथे दयामाया नको.

आता तुमच्या बातम्या आठवा. २०२२ मध्ये अकापुल्कोला दुहेरीचा सामना हरल्यावर अलेक्झांडर झ्वेरेव्हने पंचाच्या खुर्चीवर रॅकेटचे घाव घातले. पंच त्या खुर्चीत बसलेला होता, रॅकेट त्याच्या पायाजवळ आदळत होती. स्पर्धेतून त्याला काढलं, पण एटीपीने (पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना) नंतर दिलेली आठ आठवड्यांची बंदी स्थगित ठेवली, म्हणजे पुन्हा तसं केलं तरच लागू होणारी. पुढच्याच मोठ्या स्पर्धेत तो खेळायला हजर. एखाद्या कार्यालयात कुणी वरिष्ठाच्या खुर्चीवर असे घाव घातले असते तर काय झालं असतं? मला त्या वेळी मराठीत संतापाचा एक अग्रलेख वाचायचा होता. मला 'तापट झ्वेरेव्ह' अशा चौकटी वाचायला मिळाल्या.

नोव्हाक जोकोविचच्या वाट्याला याच्या उलट आलं. २०२० च्या यूएस ओपनमध्ये पाब्लो कारेन्यो बुस्ताविरुद्ध त्याने वैतागून मागे मारलेला चेंडू रेषापंच असलेल्या बाईंच्या गळ्याला लागला आणि त्याला तिथल्या तिथे बाद केलं गेलं. हेतू नव्हता, तरी माणसाला इजा झाली, नियम पाळला गेला, त्याने माफी मागितली. इथवर ठीक. पण त्यानंतर जोकोविचचं प्रत्येक चिडणं त्याच मापाने मोजलं गेलं. २०२३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावल्यावर त्याने नेटच्या खांबावर रॅकेट मारून मोडली. त्यात कुणाला काय झालं? खांबाला खोक पडली आणि त्याला ८,००० डॉलर दंड झाला. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे: हा माणूस विरोधावर पोसला जातो. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात सगळं सेंटर कोर्ट रॉजर फेडररच्या बाजूने होतं. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची. म्हणजे फेडरर विजयापासून एका गुणावर, आणि त्यासाठी दोन संधी. ते दोन्ही गुण वाचवून जोकोविच जिंकला. संपूर्ण सामन्यात फेडररने जास्त गुण मिळवले होते, २१८ विरुद्ध २०४. पण तीनही टायब्रेक जोकोविचचे. लोक 'रॉजर' ओरडत होते तेव्हा मला 'नोव्हाक' ऐकू येत होतं, असं तो नंतर म्हणाला. आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कला, यूएस ओपनमध्ये रशियाच्या दानिल मेदवेदेवविरुद्धच्या अंतिम सामन्यात, प्रेक्षक पहिल्यांदाच मनापासून त्याच्या बाजूने उभे राहिले तेव्हा तो खुर्चीत बसून टॉवेलमध्ये तोंड लपवून रडला. सरळ सेटमध्ये हरला. मला फेडरर जास्त आवडायचा, अजूनही आवडतो, पण स्वभाव आणि खेळ यांचा इतका थेट संबंध दाखवणारा खेळाडू मी जोकोविचइतका दुसरा पाहिलेला नाही.

फेडररबद्दलही तुम्ही अर्धंच सांगता. किशोरवयात तो रडायचा, ओरडायचा, रॅकेटी फेकायचा. त्याला घडवणारे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक पीटर कार्टर २००२ मध्ये अपघातात गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत फेडरर बदलत गेला. म्हणजे तो सुंदर, सहज वाटणारा शांतपणाही कमावलेलाच. २००९ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात देल पोत्रोविरुद्ध पंचाला त्याने अपशब्द वापरले होते, दंडही झाला होता. हे झाकून ठेवून त्याचा देव्हारा मांडण्यात त्याच्या कष्टांचाच अपमान आहे.

राफाएल नदालने व्यावसायिक कारकिर्दीत एकही रॅकेट मोडली नाही, हा मजकूर दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो आणि तुमच्या रकान्यांतही येतो. खरं आहे ते. त्याचे काका आणि प्रशिक्षक टोनी यांची ती शिकवण होती. पण मग नदालचा ताण जायचा कुठे? पाण्याच्या बाटल्या नेमक्या त्याच कोनात ठेवणं, रेषेवर पाय न देणं, प्रत्येक सर्व्हिसपूर्वी कान, नाक, केस यांना ठरलेल्या क्रमाने हात लावणं. या विधींनी तो प्रत्येक गुण आधीच्या गुणापासून तोडून टाकायचा. म्हणून ०-४० वर तो जसा खेळायचा तसाच ४०-० वरही. रोलाँ गॅरोवर, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, ११२ सामने जिंकून फक्त चार हरणं यामागे त्या डावखुऱ्या फोरहँडची फिरकी जितकी आहे, तितकी ही सवय आहे. त्यापायी तो वेळ फार घ्यायचा, पंच त्याला वेळेबद्दल ताकीद द्यायचे, प्रतिस्पर्धी वैतागायचे. तेही लिहा.

महिला टेनिसबद्दल लिहिताना तर तुमच्या हातून अन्यायच होतो. पुरुष खेळाडू भडकला की तो ज्वालामुखी, बाई भडकली की तिचा थयथयाट. २०१८ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला पंच कार्लोस रामोस यांनी तीनदा दोषी धरलं: बाहेरून मार्गदर्शन (तेव्हा त्याला मनाई होती), रॅकेट मोडणं, पंचाला अपशब्द. शेवटच्या दोषाला एक पूर्ण गेम गेला. मला विचाराल तर नियमाच्या चौकटीत रामोस बरोबर होते. सेरेनाने त्यांना चोर म्हणायला नको होतं. पण त्या दिवशी २० वर्षांच्या नाओमी ओसाकाने ६-२, ६-४ असा जो खेळ केला, समोर आपली लहानपणापासूनची आदर्श खेळाडू संतापलेली, स्टेडियम हुर्यो करतंय, आणि तरी सर्व्हिस ढळली नाही, त्याबद्दल मराठीत किती ओळी आल्या? पारितोषिक वितरणाच्या वेळी ती जिंकूनही रडत होती. तीन वर्षांनी फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषदेला जायला तिने नकार दिला, १५,००० डॉलर दंड झाला, मग तिने स्पर्धाच सोडली आणि २०१८ च्या त्या सामन्यापासून आपण नैराश्याशी झगडतोय हे जाहीर केलं. तेव्हा 'पैसे घेतात तर पत्रकारांना तोंड द्यावं' असं लिहिणारे तुमच्यातही होते.

त्याहून जुनी एक गोष्ट मला अजून टोचते. मोनिका सेलेस फटका मारताना जोरात हुंकार द्यायची. १९९२ च्या विम्बल्डनमध्ये प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी केल्या, वर्तमानपत्रांनी टिंगल केली. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन जिंकून आलेली ही १८ वर्षांची मुलगी स्टेफी ग्राफविरुद्धच्या अंतिम सामन्यात गप्प राहून खेळली आणि ६-२, ६-१ अशी हरली. ग्राफ त्या दिवशी अप्रतिम खेळली, त्यात वाद नाही. पण सेलेसच्या दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारलेल्या फटक्यांची ताकद त्या श्वासाशी बांधलेली होती. तो श्वास टीकेने बंद पाडला. खेळाडूचा स्वभाव बाहेरून 'सुधारायला' गेलं की काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही.

अरिना सबालेंकाच्या बाबतीत मात्र मी तुमच्या टीकेशी सहमत आहे. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी मॅडिसन कीजकडून हरल्यावर तिने रॅकेट मोडली, ते मला चाललं. त्याच वर्षी पॅरिसला, फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात, कोको गॉफकडून हरल्यावर गॉफच्या खेळाचं श्रेय नाकारणारं ती बोलली, ते चाललं नाही. ७० च्या आसपास चुका तिच्या होत्या हे खरं, पण वाऱ्यात त्या चुका करायला लावणारी समोर उभी होती. सबालेंकाने नंतर माफी मागितली आणि सप्टेंबरमध्ये यूएस ओपन जिंकली.

आंद्रे रुब्लेव्हचा तर विषयच निराळा. २०२३ च्या अखेरीस तुरीनमध्ये स्पेनच्या कार्लोस अल्काराझविरुद्ध त्याने रॅकेटने स्वतःचा गुडघा रक्तबंबाळ केला. ती चित्रफीत गमतीची म्हणून फिरवली गेली. हसण्यासारखं त्यात काय होतं? पुढे त्याने स्वतःच नैराश्याबद्दल, औषधांबद्दल, माजी खेळाडू मरात साफिनशी बोलून सावरल्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं. स्वतःला मारणारा माणूस दिसला तर त्याची विचारपूस करावी, एवढी माया आपल्याकडे आहे.

'त्यांच्यावर कशाला रागवायचं, हे परके, यांची रीतच तशी' असा सूर कधीकधी दिसतो. मग लिएंडर पेसचं काय? १९९५ मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर डेव्हिस चषकात दोन सेटने मागे असताना त्याने गोरान इव्हानिसेव्हिचला हरवलं ते छाती पिटत, मुठी आवळत, प्रेक्षकांना उठवत. १९९६ मध्ये अटलांटाचं कांस्यपदकही त्याच धगीवर आलं. एकेरीत त्याच्याकडे जगातल्या पहिल्या दहांसारखी सर्व्हिस नव्हती, फटके नव्हते. स्वभाव होता. तेव्हा आपण त्याला देशभक्त म्हटलं. तेच मेदवेदेव करतो तेव्हा तो आगाऊ.

आणि गप्प राहणाऱ्यांनाही स्वभाव असतो. २०१९ मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची अंतिम फेरी केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाली. ७-६, ६-७, ७-६. कुणी आवाज केला नाही, काही फेकलं नाही. पण ३९ वर्षांचा कार्लोविच शेवटच्या टायब्रेकमध्येही सर्व्हिस करून नेटकडेच धावत होता, हा केवढा हट्ट! २०२५ च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात यानिक सिनरने तीन चॅम्पियनशिप पॉइंट (जिंकला असता तर विजेतेपद देणारे गुण) गमावले, साडेपाच तासांच्या खेळानंतर अल्काराझकडून हरला, आणि महिन्याभराने विम्बल्डनला त्याच अल्काराझला चार सेटमध्ये हरवलं. पॅरिसनंतर कुणी त्याला यंत्र म्हटलं, कुणी कच्चा. अल्काराझ हसतमुख म्हणून लाडका, पण त्यानेही २०२४ मध्ये सिनसिनाटीला माँफिसविरुद्ध रॅकेट तुकडे होईपर्यंत आपटली होती. त्याचाच पॅरिसमधला आणखी एक प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. बेन शेल्टनविरुद्ध झेप घेताना रॅकेट हातातून सुटून चेंडूला लागली आणि चेंडू पलीकडे पडला. पंचांनी गुण अल्काराझला दिला होता. त्याने स्वतः जाऊन सांगितलं की रॅकेट माझ्या हातात नव्हती, गुण त्याचा.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण आपली मुलं. आपल्याकडच्या ज्युनियर स्पर्धांत बऱ्याच सामन्यांना पंच नसतो, रेषेचा निर्णय मुलंच देतात. जाळीच्या कुंपणापलीकडे आईवडील उभे असतात. मुलीने रॅकेट आपटली की तिला सगळ्यांसमोर झापलं जातं. पण आत पडलेला चेंडू तिने 'आउट' म्हटला तर बरेचदा कुंपणापलीकडे शांतता असते. हे आईवडील तुमचंच वाचतात, तुमचंच ऐकतात.

तेव्हा पुढच्या स्पर्धेत कुणी रॅकेट मोडली तर स्कोअर काय होता, ब्रेक पॉइंट (सर्व्हिस करणाऱ्याचा गेम हिरावण्याची संधी) होता का, पंचाने ताकीद दिली की गुण कापला, आणि पुढच्या दोन गेममध्ये काय झालं, एवढं लिहा. पंचाला किंवा बॉलबॉयला त्रास झाला असेल, तर बातमीची पहिली ओळ त्यांच्याबद्दल असू द्या, खेळाडू कितीही मोठा असो. स्वतःविरुद्ध गुण देणाऱ्या खेळाडूला निदान मोडलेल्या रॅकेटइतका मोठा फोटो द्या. आणि कधीतरी एखाद्या बातमीदाराला जिल्ह्याच्या ज्युनियर स्पर्धेला पाठवून पंचाविना चाललेला एक सामना पूर्ण बघायला सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक टेनिसप्रेमी वाचक